झोपलेल्या विंडोजची वाटणी

"…पण बाबा, दसऱ्यासारखा मुहूर्त सोडून थांबायचं कशासाठी?"

ओजसचा हात माउसवर होता. गिरीबाबा ओसरीच्या खांबाला टेकून बसले होते. मी शेजारी आपट्याची पानं निवडत होतो.

गिरीबाबा संन्यास घेण्याआधी तंत्रनिकेतनात कॉम्प्युटर शिकवायचे. ओजस पुण्याहून त्यांच्याकडं शिकायला आलेला. पोरगं हुशार, यात वाद नाही. पण आल्या आल्या मठातल्या सगळ्यांना अडाणी ठरवून मोकळं झालं होतं.

मठाच्या कॉम्प्युटरात एकाच डिस्कवर दोन प्रणालींची दोन बिऱ्हाडं. एक विंडोजचं, एक लिनक्सचं. चालू केलं की पेटी विचारायची, कुठल्या घरात जायचं? लिनक्सचं घर गच्च भरलं होतं, विंडोजकडं जागा पडून होती. ओजसला मधली भिंत सरकवायची होती.

सरकवायला हरकत नव्हती. पण विंडोजच्या घरात मल्हारी होता.

मल्हारी म्हणजे खालच्या वस्तीवरच्या गोदाक्काचा लेक. मठात भजनं म्हणायचा. गेल्या साली ट्रॅक्टर उलटला आणि गेला. त्याचा आवाज तेवढा या पेटीत राहिला. अक्का दर गुरुवारी टेकडी चढून यायची, ऐकायची, डोळे पुसून उतरायची.

आज गुरुवारच होता.

"बॅकअप?" बाबांनी विचारलं.

"घेतलाय की. मला काय काल जन्मलेला समजता?"

"कुठं?"

"लिनक्सकडं. एकदम सेफ."

"याच डिस्कवर?"

"हो… पण पार्टिशन वेगळं आहे ना, बाबा."

मी मनात म्हटलं, अरे शहाण्या, घराला आग लागली तर माजघर वेगळं म्हणून वाचतं होय?

"विंडोज नीट बंद केलंस?"

ओजस हसला. "काल खंडेनवमीला पेटी देवीपुढं ठेवायची होती ना? हायबरनेट केलं. म्हणजे झोपवलं. मग वायर काढली तरी चालतं. बंद केलं की पुन्हा सगळं उघडत बसा, सांगितलंय कुणी!"

"मग उठवलंस?"

"नाही. आज सरळ लिनक्समध्ये शिरलो."

"लिनक्स काय म्हणालं?"

"म्हणालं, विंडोज झोपलंय, मी त्याला हात लावणार नाही. ते असतंच घाबरट. मी ती झोपेची फाईलच उडवायचा आदेश लिहून ठेवलाय. आता एक बटण दाबलं की भिंत सरकली."

"निजलेल्या माणसाच्या अंगाखालची वाकळ कापतोस?"

"बाबा, काही होत नाही हो! कितीदा केलंय मी."

"काही होत नाही?"

"काही होत नाही."

"बॅकअप आहे?"

"आहे म्हटलं ना!"

बाबा उठले. वायरी उपटल्या. हळदीकुंकू लावलेली, झेंडूचा हार घातलेली ती पेटी त्यांनी पोत्यासारखी उचलली, अंगणात गेले आणि विहिरीत टाकली.

धबाक…

हार तेवढा वर तरंगला.

माझ्या हातातली पानं खाली पडली. मुंगी वाचवून पाऊल टाकणारा हा माणूस! इतकी वर्षं ज्याच्या पाया पडलो, तो हाच का, असं मनात आलं.

"बाबा!" ओजस किंचाळला. "वेड लागलं काय तुम्हाला? काय केलंत हे!"

"बॅकअप काढ."

"तो… तो त्यातच होता!"

"वेगळा होता ना?"

ओजसनं विहिरीत डोकावलं. बुडबुडे येत होते. पोराचा चेहरा पांढराफटक पडला.

खालून काठीची टकटक ऐकू आली. गोदाक्का पायऱ्या चढत होती.

"तुम्ही सांगा तिला," ओजस कसाबसा बोलला. "पेटी तुम्ही टाकलीत."

"पेटी मी टाकली," बाबा म्हणाले. "मल्हारी सेफ आहे, असं तू म्हणाला होतास."

…

ओजस पायऱ्या उतरू लागला. मीही मागोमाग धावलो. म्हातारी कोसळली तर धरायला कुणीतरी हवं ना! बाबांचा असा संताप आला होता, की सांगायची सोय नाही.

निम्म्या वाटेत अक्का भेटली. ओजसनं तिचे पाय धरले.

"अक्का… मल्हारीदादाचा आवाज गेला. बॅकअप आहे असं मी छातीठोक सांगितलं… नव्हता, अक्का. नव्हताच." आणि हमसून हमसून रडायला लागला.

अक्का बघतच राहिली.

"येडा हैस का रं? मल्हारी कुठं जातोय?"

तिनं पदराची गाठ सोडली. आत हळद लागलेला पेनड्राइव्ह होता.

"पेटी पूजेला बसवायच्या आधीच बाबांनी दिलाय न्हवं. म्हनले, तुमच्या देव्हाऱ्यात ठेवा. नातीच्या ल्यापटापवर लावून ऐकलाय बी मी. आज दसरा, देवीच्या पायाशी लावायला आनलाय."

ओजस हसतोय की रडतोय, कळेना. तो पेनड्राइव्ह त्यानं नुसता बोटानं चाचपून बघितला, हातात घ्यायचं धाडस काही झालं नाही.

मग उठला आणि तसाच धापा टाकत वर पळाला. मागोमाग मीही.

बाबा पोहरा सोडून विहिरीतला हार काढत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं! आवाज अक्काकडं होता! मग माझा जीव का घेतलात? पेटी का बुडवलीत?"

बाबांनी हार पिळला आणि त्याच्या हातात दिला.

"विंडोज आता नीट बंद आहे," ते म्हणाले. "आवाज पेटीबाहेर आहे. बस, बाळा… आता सरकव भिंत."