गोंदजीची गार

"म्हणजे माझ्या बंदुकीला कुणी हातच लावला नाही, असं म्हणायचंय का उस्ताद तुम्हाला?"

खरं तर चांदशाबाबा अजून काहीच म्हणाले नव्हते. चिलमीतला विझलेला कोळसा ते काडीने उकरत बसले होते. पण सुभानजी ढमाले हा गडी असा, की समोरच्याने तोंड उघडायच्या आधीच त्याचं उत्तर ऐकायचा, आणि वर त्याचा रागही धरायचा.

"हात लावलाय," चांदशाबाबा म्हणाले. "ते दिसतंय."

सुभानजी एकदम सैल झाला. चला, उस्तादांनीच कबूल केलं, आता गोंदजीचा अंगठा गेलाच म्हणून समजा!

चांदशाबाबा एकेकाळी गडावरचे बंदूकची. ऐन उमेदीत बंदूक खुंटीला लावून फकीर झाले आणि घाटाच्या पायथ्याशी चिंचेखाली तकिया, म्हणजे फकिराची झोपडी, बांधून राहिले. तरी गडावर ज्याला म्हणून नेम धरता यायचा, तो यांच्याच हाताखाली शिकलेला. सुभानजीही आणि गोंदजी मोहितेही. दोघं घाटातल्या चौकीवर बरोबर पहारा करायचे, एकाच ताटात जेवायचे.

परवाच्या दसऱ्याला सगळं बिनसलं.

खंडेनवमीला गडावरची सगळी हत्यारं देवीपुढे मांडतात. रात्रभर ती तिथंच असतात आणि त्या रात्री आपल्या हत्यारालाही कुणी हात लावायचा नाही, मग दुसऱ्याच्या हत्याराची बातच नको. दसऱ्याला सोनं लुटून झालं की मानाचा बार. उंच काठीला नारळ बांधायचा, आणि जो तो फोडेल त्याच्याकडे वर्षभर चौकीची जमादारी.

पहिला मान सुभानजीचा होता. बंदूक उचलताच त्याच्या मनात पाल चुकचुकली. बंदुकीच्या घोड्याच्या जबड्यात ठिणगी पाडणारी गार, म्हणजे चकमकीचा दगड, बसवलेली, ती त्याची नव्हती. गारेखाली चामड्याची कोरी पट्टी होती. नळीतल्या छिद्राची काजळीही कुणीतरी खरवडून काढलेली.

त्याने बार टाकला. आधी फुस्स झालं, डोळ्यांपुढे जाळ उठला, मग धाड्. गोळी गेली कुठल्या कुठे. लोक हसले.

मग गोंदजी आला. त्याच्या बंदुकीचा पहिला चाप नुसताच खट् वाजला. लोक पुन्हा हसले. दुसऱ्या चापाला नारळाच्या ठिकऱ्या उडाल्या.

आज सकाळी सुभानजी फिर्याद घेऊन किल्लेदारापुढे उभा राहिला. गोंदजीला विचारलं, तर तो एवढंच म्हणाला, की होय, पूजेच्या रात्री मी हात लावला, पण वाइटासाठी नाही. चोर कधी म्हणतो का, मी वाइटासाठी चोरी केली? पूजेतल्या हत्याराशी दगा केला तर उजव्या हाताचा अंगठा उतरवायचा, हा गडाचा जुना रिवाज. किल्लेदार जरा भला माणूस. तो म्हणाला, दोघंही चांदशाचे चेले, बंदूक त्याला दाखवा. त्यानं दगा म्हटलं, तर उद्या सकाळी अंगठा उतरेल. तोवर गोंदजी कोठीत बंद.

म्हणून सुभानजी भर दुपारचा घाट उतरून आला होता. त्याला उस्तादांचा फक्त एक शब्द हवा होता.

पण उस्ताद शब्द टाकेनात.

"भर," ते म्हणाले.

"काय?"

"बंदूक. दसऱ्याला भरलीस तशीच भर."

बांधावर एक फुटकं गाडगं पालथं ठेवलं होतं. सुभानजीने शिंगातली दारू नळीत ओतली, गोळी घातली, गजाने ठोकून बसवली. मग नळीच्या छिद्राशेजारची वाटी उघडली. चाप ओढला की गार पोलादाच्या पट्टीवर घासते आणि ठिणगी या वाटीतल्या बारीक दारूवर पडते. या दारूला रंजक म्हणतात. रंजक पेटली की तिची आग नळीतल्या छिद्रातून आतल्या दारूला भिडते. एवढाच काय तो चकमकीच्या बंदुकीचा संसार.

सुभानजीने चिमूटभर रंजक टाकली. गारेकडे बघितलं. आणखी टाकली. पुन्हा बघितलं. मग वाटी शिगोशीग भरली आणि बोटाने दाबून दाबून छिद्रातही कोंबली.

चांदशाबाबा बघत होते.

फुस्स... धाड्.

गाडगं होतं तिथंच होतं.

"बघितलंत?" सुभानजी उसळून म्हणाला. "परवाही हेच झालं. गार बिघडवली, नाहीतर दारूत काहीतरी कालवलं."

चांदशाबाबांनी हात पुढे केला. सुभानजीला बंदूक द्यावीशी वाटेना, पण उस्तादांना नाही कसं म्हणायचं? त्यांनी त्याच शिंगातली दारू घेतली, तीच गार ठेवली. बाभळीच्या काट्याने छिद्र मोकळं केलं. रंजक इतकी थोडी घेतली की एखादी म्हातारी तपकीरही त्याहून जास्त ओढेल. ती त्यांनी वाटीच्या पलीकडच्या कडेला सारली, छिद्रापासून लांब.

खट् आणि धाड् यांच्यात फट म्हणून उरली नाही. गाडग्याचे तुकडे बांधापलीकडे जाऊन पडले.

दुसरा एखादा तिथंच पाया पडला असता. सुभानजीचे डोळे मात्र बारीक झाले. एवढ्याशा रंजकेत असा बार? छे! म्हाताऱ्याने हातात काहीतरी लपवलं असणार. त्याने तकियाच्या आत नजर टाकली. कोपऱ्यात नाचणीचं पोतं उभं होतं. नाचणी गोंदजीच्या गावाकडची...

अच्छा. म्हणजे असं आहे तर.

"गोंदजी येतो वाटतं इकडे?" त्याने सहज विचारल्यासारखं केलं.

"येतो."

"पोतं त्यानंच टाकलं?"

"त्यानंच. मागचं तू टाकलं होतंस."

पण मनातला किडा असा थोडाच गप्प बसतो? आपल्या पोत्यात भात होता, आणि तो जरा किडका निघाला होता. म्हातारा तेच डोक्यात धरून बसला असेल तर?

"आता तू उडव," चांदशाबाबा म्हणाले. "भरून मी देतो."

सुभानजी डोळ्यांत तेल घालून बघू लागला. उस्तादांच्या डाव्या हातात जपमाळ होती. ती झोळीत जाई, बाहेर येई, पुन्हा झोळीत जाई. त्या झोळीतच काहीतरी काळंबेरं आहे, हे सुभानजीने ताडलं, आणि झोळीवरची नजर हलवली नाही. उजव्या हाताने त्यांनी नळी भरली, गज चालवला, वाटीत चिमूट टाकली, झाकण लावलं.

मग जमिनीवरचा एक चिंचोका उचलला आणि नळीच्या टोकाशी, नेम धरायच्या माशीच्या मागे, अलगद ठेवला.

"बार होईपर्यंत हा पडता कामा नये."

"हे कशाला?"

"ठेव तर खरं."

पलीकडे दुसरं गाडगं होतं. सुभानजीने दस्ता खांद्याला लावला. चिंचोका स्थिर होता. उस्तादांनी आपल्याला फसवायचंच ठरवलं असेल, तर बार तोंडावरच फुटायचा. त्याने ओठ आवळले आणि चाप ओढला.

खट्.

ठिणग्या उडाल्या. रंजक पेटली नाही, धूर नाही, काही नाही.

सुभानजीची मान उजवीकडे वळलेली होती. डोळे घट्ट मिटलेले होते. नळी वीतभर खाली झुकली होती आणि चिंचोका पायाशी पडला होता.

त्याने हळूच डोळे उघडले. मग भडकला.

"बघा! तुम्हीसुद्धा दारूत खेळ केलात. गोंदजीला वाचवायला."

"दारू नव्हतीच," चांदशाबाबा म्हणाले.

"मग?"

त्यांनी उजव्या हाताचा तळवा उघडून दाखवला. काळा होता. चिलमीतल्या कोळशाची भुकटी.

सुभानजीने वाटी उघडली, बोट फिरवलं, वास घेतला. कोळसाच. नळी उलटी करून आपटली, तर तिथूनही तीच भुकटी गळली.

"मी बघत होतो," तो पुटपुटला. "सगळा वेळ बघत होतो."

"झोळी बघत होतास."

...

वर चिंचेत एक कावळा ओरडला आणि उडून गेला. सुभानजी पायाशी पडलेल्या चिंचोक्याकडे बघत राहिला. बार झालाच नव्हता. जाळ नव्हता, दणका नव्हता. मग मान कुणी वळवली? परवाही गोळी सुटायच्या आधीच... हे असं कधीपासून होत होतं, तेही त्याला सांगता आलं नसतं.

तरी तो हटला नाही. माणूस मोठा चिवट.

"मी डोळे मिटले, कबूल," तो म्हणाला. "रंजकही जास्त झाली. पण का झाली? परकी गार दिसली म्हणून. आपली गार असती, तर मला शंका आलीच नसती. हात त्यानं लावला ना? पूजेतल्या हत्याराला लावला ना? उस्ताद, तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो."

"मग?"

"तुझी गार कशी होती?"

सुभानजीला ती आठवली. झिजली होती. पावसाळ्यात चौकीवर दोनदा दगा दिला होता तिनं. एकदा तर डुक्कर अंगावर आलं होतं आणि गोंदजीनं मध्ये पडून बार टाकला, म्हणून मांडी शाबूत राहिली. बदलायला हवी, बदलायला हवी म्हणता म्हणता राहून गेलं होतं. गोंदजी म्हणालाही होता, आण इकडे, मी बसवून देतो. सुभानजीनेच दिली नव्हती. आपली बंदूक तो कुणाच्या हातात देत नसे.

चांदशाबाबांनी घोड्याचा जबडा सैल केला. चामड्याच्या पट्टीतून गार काढली आणि त्याच्या हातावर ठेवली. मधाच्या रंगाची, कडेला पात्यासारखी धार.

"ही मी दिली होती. उन्हाळ्यात."

"कुणाला?"

"गोंदजीला. अशी दुसरी माझ्याकडे नव्हती."

सुभानजीने गारेच्या धारेवरून बोट फिरवलं.

त्याला दसऱ्याचं मैदान दिसलं. गोंदजीचा पहिला चाप नुसताच वाजला होता, लोक हसले होते, आणि गोंदजीही लोकांबरोबर हसला होता. आपण मात्र तेव्हा मनातून खूश झालो होतो. गोंदजीच्या बंदुकीत मग कुठली गार होती? झिजलेली गार पुन्हा पुन्हा तासून बसवली, तर ती असाच पहिला चाप वाया घालवते...

त्याला एकदम रडू आलं. तो ते लपवायलाही गेला नाही.

"त्यानं तोंड का उघडलं नाही?" तो म्हणाला. "किल्लेदारापुढे सांगितलं का नाही?"

"तू विश्वास ठेवला असतास?"



उन्हं कलू लागली होती. वर गडाच्या कोठीत गोंदजी बसला असेल, उजवा हात मांडीवर ठेवून. सकाळच्या आत वर पोचायला हवं होतं. सुभानजीने डोळे पुसले, गार पुन्हा चामड्यात गुंडाळली, घोड्याच्या जबड्यात बसवली आणि आवळली.

"फिर्याद मी मागे घेतो," तो म्हणाला. "त्याची गार त्याला परत करतो. पाय धरतो. पण उस्ताद, तो मला माफ करील का? वर्षभर आम्हाला त्या चौकीवर पाठीला पाठ लावून उभं राहायचंय. त्याच्या मनात काय असेल ते मला कसं कळणार?"

बघा, किडा अजून जिवंत होता.

चांदशाबाबांनी खाली वाकून चिंचोका उचलला, फुंकर मारून धूळ उडवली आणि सुभानजीच्या मुठीत ठेवला.

"त्याला कोठीतून सोडव. ही बंदूक भरून त्याच्या हातात दे," ते म्हणाले. "आणि घाट उतरताना तू पुढे चाल, मान न वळवता."