गुलाबी वडी

"तुम्ही नुसती हातानं द्यायची, बुवा. एवढंच मागतेय मी. त्यात तुमचं काय जातंय?"

टेकडीवरच्या मठाच्या ओट्यावर राघोबुवा काठी मांडीवर आडवी घेऊन बसले होते.

मालननं डबा पुढं सरकवला. आत खोबऱ्याच्या वड्या होत्या. गुलाबी, चौकोनी, वर वेलदोड्याची पूड. जत्रेतल्या हलवायानं बघितल्या असत्या तर त्यानंही तोंडात बोट घातलं असतं.

"प्रसाद आहे म्हणून सांगा. बास."

"आहे का प्रसाद?"

"तुम्ही दिला की झालाच की!"

बुवांनी एक वडी उचलून नाकाशी नेली. नजर अधू झाली होती, पण नाक आणि कान मात्र भलतेच तिखट. मघाशी मालन टेकडी चढत होती तेव्हा वळणावर असतानाच त्यांनी वरून हाक दिली होती, "पोरीला कडेवर का घेतलीस गं? चालवत नाही का तिला?"

नव्हतंच चालवत. सात वर्षांची घोडी कडेवर घेऊन मालन सगळी टेकडी चढून आली आणि तिला दम लागला नाही. त्याचंच तिला वाटेत रडू आलं होतं.

"काय घातलंयस यात?" बुवांनी विचारलं.

"बीट," मालन हळूच म्हणाली. "गाजर. थोडा आवळा. कळायचं नाही कुणाला. मी केलंय ते, मालननं!"

हे मात्र खरं हं. मालन म्हणजे कण्हेरवाडीच्या अंगणवाडीच्या ताई. पोरांच्या पोटात भाजी कशी ढकलावी हे तिच्याकडून शिकायला आजूबाजूच्या गावांतल्या बाया यायच्या. थालीपिठात दुधी, धिरड्यात पालक, शिऱ्यात भोपळा, आमटीत शेवग्याचा पाला वाटून. पोरं मिटक्या मारत खायची आणि आयांना ताईंच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटायचं. एकदा तर साहेब लोकांनी व्यासपीठावर बोलावून तिला शाल दिली. तेव्हा ती माईकवर म्हणाली होती, "लेकराला कळलं नाही म्हणजे आई जिंकली!" टाळ्याच टाळ्या.

आणि त्याच मालनची पोरगी, बकुळ, पांढऱ्या भाताशिवाय कशाला शिवत नव्हती.

तोही कोरडा. वरण नाही, तूप नाही. ताटात बोटांनी पसरायचा, शीत न् शीत बाजूला करायचं, आत काही दडलंय का बघायचं आणि मग खायचं. तेही चार घास. आधी थालीपीठ गेलं, मग धिरडं, मग आमटी. केळं तेवढं खायची, कारण केळं सोलून स्वतःच्या डोळ्यांनी बघता यायचं. मग एक दिवस मालननं केळ्यात जंताची गोळी दडपली. कडू लागलं, आणि केळंही गेलं.

आता तिच्या हिरड्यांतून रक्त यायचं. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, "फळं, भाज्या पोटात जायलाच हव्यात. नाहीतर दाखल करा, नाकातून नळी घालू." मालन त्या दिवशी दवाखान्याच्या मोरीपाशी उभी राहून रडली. ताई म्हणून ओळखतात ना सगळे, चारचौघांत रडायचीही चोरी.

"बुवा, गेल्या गुरुवारी मी बघितलं," ती आता म्हणाली. "तुम्ही इथल्या झाडाचा पेरू दिलात आणि तिनं खाल्ला. बियांसकट! मी दिला असता तर फेकला असता. तुमच्या हातचं ती बघतही नाही, सरळ तोंडात घालते."

"हं."

"तिचा विश्वास आहे तुमच्यावर."

"आणि तुझ्यावर?"

मालननं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. सोडलं. पुन्हा गुंडाळलं.

"तिचा जीव वाचायला पाहिजे, बुवा. विश्वासाचं मग बघू."

बुवा उठले. काठी टेकत खांबापाशी गेले. तिथं त्यांचा भिक्षेचा कटोरा ठेवला होता. मघाशी मालननंच त्यात वाढलं होतं, मठाच्या रिवाजाप्रमाणं. "शेपूची भाजी, बुवा. ज्वारीची भाकरी. लसणाची चटणी." इथं मुक्यानं वाढायचं नाही. कटोऱ्यात जे पडेल त्याचं नाव वाढणारीनं घ्यायचं, कारलं असलं तरी, शिळं असलं तरी. मालन नवी नवरी होऊन आली तेव्हा सासूनंच तिला हे शिकवलं होतं. "बुवांना नाही म्हणता येत नाही गं. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याला निदान कळलं तरी पाहिजे." तेव्हापासून मालननं कधी हा नेम चुकवला नव्हता. भाकरी करपली तर "करपलीय हो, बुवा" म्हणून वाढायची. शेपूला नाक मुरडणारे साधू तिनं खूप बघितले होते. राघोबुवा मात्र नाव ऐकायचे, "घाल" म्हणायचे आणि जेवायचे.

"बकुळे!" बुवांनी हाक दिली.

मालनला वाटलं, तयार झाले! देवा, तयार झाले!

बकुळ पायरीवर बसून खडे रचत होती. उठली, भिंतीला धरून वर आली. मनगटं बघवत नव्हती तिची. बुवांच्या हातात वडी दिसल्याबरोबर हसली. हिरड्या लालभडक झालेल्या. आणि तिनं डोळे मिटले आणि आ केला.

नुसता आ केला. वास घेतला नाही. तोडून बघितली नाही. मालननं हे तोंड असं उघडलेलं घरी किती तरी दिवसांत बघितलं नव्हतं.

बुवांचा हात तिच्या ओठांपर्यंत गेला.

आणि थांबला.

"बकुळे, ही मी नाही केलेली. आईनं केलीय. यात काय काय आहे ते आईला विचार."

बकुळनं डोळे उघडले. तोंड तसंच उघडं.

"आई… काय आहे यात?"

झाडावर पोपट पेरू कुरतडत होते, तेवढाच काय तो आवाज.

सांगायचं होतं हो मालनला! आईच्यानं पोटच्या पोरीशी काय दरवेळी खोटं बोलवतं? बीट हा शब्द तिच्या अगदी जिभेवर आला होता. पण ते उघडं तोंड समोर दिसत होतं. एका घासाचा तर प्रश्न होता. एकदा पोटात गेलं की गेलं…

"खोबरं," मालन म्हणाली. "खोबरंच आहे गं राणी. नुसतं खोबरं."

बकुळनं बुवांकडं बघितलं.

"खरंच, बुवा?"

बुवांनी मान हलवली नाही. हो म्हणूनही नाही, नाही म्हणूनही नाही. वडी तेवढी तिच्या तळहातावर ठेवली.

बकुळनं वडी मोडली. आतून लालसर धागा निघाला, किसलेला. तिनं तो नखानं ओढला, वास घेतला, चुरगळला. बोट लाल झालं.

"बीट आहे," ती म्हणाली.

रडली नाही, चिडली नाही. दगडावर दोन्ही तुकडे नीट जोडून ठेवले. मालनला वाटलं, हिनं ओरडावं, चावावं मला, काहीही करावं!

बुवांनी खाली वाकलेल्या फांदीवरचा पेरू तोडला. पिवळा, पिकलेला, गेल्या गुरुवारी दिला होता त्याच झाडाचा. पुढं केला.

बकुळनं घेतला. दोन्ही हातांनी जोर लावून फोडला. आतल्या बिया बोटानं चाचपल्या, इकडून, तिकडून. मग तोही वडीशेजारी ठेवला. भिंतीला धरून पायऱ्या उतरली आणि खालच्या पायरीवर पाठ करून बसली. खड्यांना हात लावला नाही.

मालनचा बांध फुटला.

"हे काय केलंत तुम्ही? काय केलंत, बुवा! खात होती ना ती! तुमच्या हातचं तरी खात होती. तेवढी एकच वाट उरली होती, तीही घालवलीत!"

"मी?"

"मग कोण! दिली असतीत तर गेली असती पोटात!"

"गेली असती."

"मग?"

"उद्या?"

"उद्याही केली असती. परवा अळूची केली असती, तेरवा भोपळ्याची. जन्मभर केली असती मी!"

"आणि तिला कळलं असतं त्या दिवशी?"

मालननं डब्याचं झाकण लावलं. कळलंच असतं. केळ्याचं कळलं, धिरड्याचं कळलं. पोरीनं सगळं शोधून काढलं होतं, अगदी आईसारखीच हुशार निघाली होती मेली.

"गावाची पोरं जगवली मी," ती म्हणाली. आवाज पार बसला होता. "शाल घातली मला लोकांनी. आणि माझं लेकरू माझ्या हातचं पाणीसुद्धा उजेडात धरून बघतं. काल बघितलं मी. पेला असा वर धरला, खिडकीपाशी… पाणी, बुवा! पाण्यात मी काय घालणार होते?"

बुवांनी खालच्या पायरीकडं कान दिला.

"उद्या नळी घालायला नेणार मी तिला. हात बांधतात म्हणे पोरांचे, ओढून काढू नये म्हणून." तिनं कपाळ जमिनीला टेकलं. "मला काही सुचत नाही. सगळं करून झालं. तुम्ही तरी सांगा… नाहीतर नका सांगू. काय सांगणार आहात."

ऊन खांबावरून उतरून पायऱ्यांवर गेलं. बकुळची पाठ उन्हात दिसत होती, झग्यावरून मणके मोजता यावेत इतकी वाळलेली. ती वळली नाही. पण हलतही नव्हती. आईचं रडणं तिला ऐकू येत असावं.

बुवा काठी टेकत आले. कटोरा घेऊन मालनसमोर बसले, मांडी घालून, रोज भिक्षेला बसत तसे. कटोऱ्यात शेपू होती, भाकरी होती. त्यांनी तो पुढं केला.

मालनला आधी समजलंच नाही. मग तिनं दगडावर मोडून ठेवलेल्या वडीकडं बघितलं.

"ही?"

"भूक लागलीय. वाढ."

तिनं डोळे पुसले. वडीचे दोन तुकडे उचलले आणि इतक्या वर्षांच्या सवयीनं हात कटोऱ्यावर नेला. तिथं तो अडला. ओठ हलले, शब्द येईना. कटोरा तसाच पुढं धरलेला.

खालच्या पायरीवर बकुळनं मान किंचित तिरकी केली.

"बीट…" मालन पुटपुटली. "गाजर… आवळा…"

बुवांनी कटोरा मागं घेतला नाही, 'घाल'ही म्हटलं नाही. कानामागं हात धरला, आणि मघाशी वळणावरची पावलं ओळखणारे बुवा म्हणाले,

"मोठ्यानं, मालन. ऐकू नाही आलं."