मुळांवरचा चिखल

एकदा एक तरुण शिष्य समुद्रापलीकडच्या देशी शिकायला निघाला. आकाशातल्या ताऱ्यांची विद्या तिथे जितकी खोल शिकवत, तितकी इकडे कुठेच शिकवत नव्हते. तिथे प्रवेश मिळाला म्हणून त्याला आनंद व्हायला हवा होता. पण त्याने धसकाच घेतला होता. तिथले खाणे, तिथले बोलणे आपल्याला मानवले नाही तर? आणि मानवले, तर परत येताना आपण आपलेच उरू का?

मग त्याने तयारी आरंभली. तयारी कसली, सबंध घर उचलून न्यायचा घाट! पोहे, मेतकूट, लोणच्याच्या बरण्या, आणि सोबतीला गावातलाच एक स्वयंपाकी. राहायचे ते आपल्याच प्रांतातल्या मुलांत, बोलायचे ते आपल्याच भाषेत, असाही बेत पक्का झाला. हे सारे त्याने वृद्ध गुरूंना अभिमानाने सांगितले आणि आशीर्वाद मागितला. गुरूंनी आशीर्वाद दिला नाही. शेतात भाताची लावणी आहे, हाताखाली ये, एवढेच म्हणाले.

शिष्य पुस्तकांत वाढलेला. वाफ्यातली कोवळी रोपे त्याने मुळांच्या चिखलासकट अलगद उपटली आणि त्यांच्या जुड्या बांधून नीट मांडून ठेवल्या. गुरूंनी त्यातली एक जुडी उचलली आणि तिची मुळे स्वतःच्या पावलावर सपासप आपटली. चिखल उडाला, पांढरी मुळे उघडी पडली. शिष्याच्या जिवाला ते लागले. ज्या मातीने वाढवले, ती अशी झाडून टाकायची? त्याने विचारले, पण गुरू पुढची जुडी आपटत राहिले.

लावणी उरकली. काही दिवसांनी तो बांधावरून जात होता. पाहतो तो रोपे पिवळी पडलेली, पाण्यात माना टाकून उभी. तो तडक गुरूंकडे गेला आणि म्हणाला, "गुरुजी, आपण मुळे आपटलीत आणि सारे शेत गेले."

गुरूंनी त्याला शेजारी बसवून घेतले.

"चिखल तसाच ठेवला असता, तर रोपाला रोप चिकटून राहिले असते. सोडवायला गेला असतास, तर मूळ तुटले असते. अरे, मूळ रोपाचे असते, चिखल वाफ्याचा. मूळ मी तोडले का? आणि आत्ता ते पिवळे दिसते, कारण वर वाढायचे थांबवून ते खाली नव्या मातीत मुळे सोडते आहे. या दिवसांत त्याला कुणी कीव येऊन उपटले, तर मात्र ते खरेच मरेल."

शिष्याची खात्री पटली नव्हती. तो रोज बांधावर जाऊ लागला. आणि एका सकाळी त्याचे पाऊल तिथेच थबकले. सारे शेत हिरवेगार झाले होते. कोमेजलेल्या काडीकाडीने मान वर केली होती. वारा आला की हिरवा रंग या बांधापासून त्या बांधापर्यंत हलत जाई. कुणी काही केले नव्हते. त्या दिसेनाशा मुळांनी चिखलाच्या अंधारात एवढे मोठे काम केले होते, आणि आपण त्याला मरण समजत होतो! लावणीतून उरलेली रोपे मात्र वाफ्यातच दाटीवाटीने किरटी राहिली होती. ग्रहताऱ्यांकडे पाहून हात जोडणारा तो शिष्य त्या दिवशी चिखलाला हात जोडून उभा राहिला.

त्याने सोबत नेत नाही म्हणून स्वयंपाक्याची क्षमा मागितली आणि पत्र पाठवून समुद्रापलीकडच्या त्या देशातल्याच एका कुटुंबात राहायला जागा मागितली. मेतकुटाची पुडी तेवढी ठेवली. गुरूंनीही तिला हरकत घेतली नाही, आणि या वेळी मागण्याआधीच त्याच्या डोक्यावर हात ठेवला.

आपले मूल परदेशी गेले आणि सुरुवातीला फोनवर त्याचा आवाज कोमेजलेला वाटला, तर लगेच "परत ये" म्हणू नये. थोडे दिवस बांधावर उभे राहावे.