पोकळ बाभूळ

या कथेच्या बहुतेक पाठांत केवळ कावळा हसतो आणि झाड पडते. नदीकाठच्या पाठात सुतारपक्षीही येतो.

फार पूर्वी सुगरणी नदीवर झुकलेल्या एका बाभळीला देव मानून तिच्यावरच घरटी विणत. खोड वाळवीने पोखरले होते. कावळा ओरडे, "मूर्खांनो, तुमच्या देवाला वाळवी खाते!" सुगरणी चिडून आणखी घरटी विणत.

सुतारपक्षी म्हाताऱ्या सुगरणीला म्हणाला, "आजी, देव सोडा असं मी म्हणत नाही. मी चोच मारतो, तुम्ही खोडाला कान लावा." तो पोकळ आवाज तिने बराच वेळ ऐकला. मग ती थव्याला म्हणाली, "यंदा अंडी पलीकडच्या शिंदीवर घालू."

थवा उडाला, तोच कावळा खिदळला, "काय गं म्हातारे, सुटला ना देव?"

म्हातारी मागे वळली. तिच्यामागे सगळ्या सुगरणी बाभळीवर परतल्या.

आषाढातल्या वाऱ्यात बाभूळ अंड्यांसह नदीत पडली.