गुणवंत कॉम्प्युटर शिकला त्याची गोष्ट

एका गावात एक भोळा मुलगा होता. भोळा हा शब्द त्याच्या आईचा. गाव दुसरा शब्द वापरायचं. त्याचं नाव गुणवंत. त्यात नाव ठेवणाऱ्या आत्याचा काही दोष नव्हता. बारशाच्या दिवशी पोराची अक्कल कुणाला कळते?

गुणवंताला जेवढं सांगाल तेवढंच तो करायचा. एकदा आई "दाराकडं बघ" असं सांगून बाजारला गेली. चोर मागच्या खिडकीनं आला, पितळेचे डबे घेऊन त्याच खिडकीनं गेला. गुणवंत दाराकडेच बघत होता. आई आली तेव्हा दार जागच्या जागी होतं.

असा मुलगा शेतात ठेवावा की घरात, हा त्याच्या वडलांना, म्हणजे आप्पांना, कायमचा पेच. अशात ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये कॉम्प्युटरचा वर्ग निघाला. तालुक्याहून शर्वरी मॅडम यायच्या आणि नवशिक्यांना प्रोग्रामिंगची भाषा शिकवायच्या. म्हणजे कॉम्प्युटरनं काय काय करायचं, ते त्याला कळेल अशा शब्दांत लिहून कसं द्यायचं, ते. मॅडम नव्या होत्या. शिकवायचा उत्साह दांडगा होता. आमच्या गावात तो किती टिकतो, एवढंच बघायचं राहिलं होतं.

आप्पांनी चौकशी केली. मॅडम म्हणाल्या, "काका, कॉम्प्युटरला स्वतःची अक्कल नसते. सांगितलं तेवढंच तो करतो."

"मग आमच्या पोराचं न् त्याचं जमंल," आप्पा म्हणाले, आणि गुणवंताला वर्गात घातलं.

त्याच सुमाराला गुणवंताच्या धाकट्या बहिणीचं, कांचनचं, लग्न ठरलं. कांचन तोंडाची फटकळ. आलेली स्थळं तिनं एकामागून एक परत लावली होती. घाटापलीकडचा दिगंबर बघायला आला, पोहे खाता खाता त्याला ठसका लागला, तिनं पाणी दिलं, दोघं हसली आणि तिथंच काय ते ठरलं. तिला तो मनापासून आवडला होता. एवढं लग्न सुखरूप पार पडू दे, असं आई रोज देवाला सांगायची. गुणवंताला सांगायची तिची हिंमत नव्हती.

वर्गात पहिल्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "मी फळ्यावर लिहिते तस्संच्या तसं लिहा. कळलं नाही तरी चालेल." कळलं नाही तरी चालतं, हे ऐकून गुणवंताला शिक्षणाबद्दल एकदम आपुलकी वाटली. मॅडमनी फळ्यावर लिहिलं, कॉम्प्युटरला म्हणायला सांगा: नमस्कार, मी तुमचं नाव. बाकीच्यांच्या पडद्यावर आलं, नमस्कार, मी सुवर्णा. नमस्कार, मी हणमंत. गुणवंताच्या पडद्यावर आलं, नमस्कार, मी तुमचं नाव.

"अरे, असं नाही," मॅडम म्हणाल्या. "जिथं नाव लिहायची जागा असते, तिथं आपलं स्वतःचं नाव घालायचं."

"बरं मॅडम. आता ध्यानात ठेवतो."

दुसऱ्याच दिवशी आप्पांनी त्याला लग्नपत्रिका छापायला तालुक्याला धाडलं. छापखानेवाल्यानं नमुना पुढं ठेवला. म्हणाला, "जिथं जिथं नाव पायजे, तिथं भर." गुणवंतानं भरलं. छापखानेवाल्यानं वाचलं आणि पुन्हा वाचलं.

"नक्की का रं?"

"मॅडमनी सांगितलंय."

मॅडमनी सांगितल्यावर छापखान्याचा काय संबंध? त्यानं छापलं. संध्याकाळी आप्पांनी गठ्ठा सोडला. चि. गुणवंत यांचा शुभविवाह चि. सौ. कां. गुणवंत यांच्याशी योजिला असून आपण सहकुटुंब येण्याचे करावे. आपला नम्र, गुणवंत.

आप्पांनी पत्रिका उलटून मागची कोरी बाजूही बघितली. मग म्हणाले, "आता वाजंत्री बी तूच वाजीव."

गुणवंत ताशा मागायला उठला. त्याला धरून खाली बसवावं लागलं.

"अरं बाबा," आप्पा म्हणाले, "दुसऱ्याच्या कामात आपल्या मनानं काय करायचं न्हाई. काय अडलं, कुणी काय इचारलं, तर आधी येऊन मला इचारायचं."

"बरं आप्पा. आता ध्यानात ठेवतो."

पत्रिका चुलीत गेल्या. नव्या छापल्या. त्या आणायला कांचन स्वतः गेली.

पुढच्या वर्गात मॅडमनी प्रत्येकाला आपापल्या कॉम्प्युटरमध्ये त्या भाषेचा पुढचा भाग भरायला, म्हणजे इन्स्टॉल करायला लावला. गुणवंतानं बटण दाबलं. कॉम्प्युटरनं विचारलं, सुरू करायचं का? गुणवंत उठला. आप्पा मळ्यात उसाला पाणी देत होते. हा बांधावर जाऊन उभा राहिला.

"आप्पा, सुरू करायचं का?"

"काय सुरू करायचं?"

"ते त्यानं सांगितलं न्हाई."

"कर बाबा."

तो परत गेला. कॉम्प्युटरनं विचारलं, आमच्या अटी मान्य आहेत का? हा पुन्हा मळ्यात. आप्पांनी अटी विचारल्या. हा अटी आणायला परत गेला. त्या इंग्रजीत होत्या आणि वाचता वाचता खाली सरकतच राहत होत्या. दुपार कलली तरी भाषा काही आत शिरेना, आणि आप्पांचं पाणी फुटून शेजारच्या रानात गेलं.

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अरे, तो विचारतच राहतो. त्यात वाचण्यासारखं काही नसतं. विचारलं की हो म्हणायचं. पुन्हा विचारलं की पुन्हा हो म्हणायचं आणि पुढं जायचं. सगळे असंच करतात."

हे मात्र मॅडम खरं बोलल्या. सगळे असंच करतात.

"बरं मॅडम. आता ध्यानात ठेवतो."

गुणवंत घरी आला, तर ओसरीवर नवऱ्या मुलाचे मामा बसलेले. भानुदासमामा. प्रत्येक लग्नात एक मामा असा असतो, की त्याला नवऱ्यापेक्षा जास्त मान लागतो. हे तेच. आप्पा पान आणायला गेले होते. मामांनी मिशीवरून हात फिरवला आणि गुणवंतालाच विचारलं.

"मानाचे फेटे हायेत न्हवं?"

"हो."

"सगळ्या वऱ्हाडाला?"

"हो."

मामा खूश झाले. एवढा सरळ माणूस त्यांना सोयरिकीत कधी भेटला नव्हता. ते जवळ सरकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "पोरगी जरा तापट हाय म्हणत्यात."

"हो."

"म्हंजे तोंडानंच का?" मामा थांबले. "का हात बी उचलती?"

"हो."

कांचन आत भाकऱ्या थापत होती. तिनं हे ऐकलं आणि भावाला जाब विचारायला बाहेर आली. हातात उलथणं होतं, ते ठेवायचं राहिलं. मामांनी उलथणं बघितलं, पायताण काखेत मारलं आणि स्टँडचा रस्ता धरला. आप्पा पान घेऊन आले, ते तसेच पान घेऊन मागं धावले. स्टँडवर त्यांनी हात जोडले. बोलले काहीच नाहीत, नुसते जोडून उभे राहिले. शेवटी मामांनाच लोकांची लाज वाटली आणि त्यांनी पान घेतलं. लग्न वाचलं.

कांचन त्या दिवशी जेवली नाही. "माझं लग्न मोडलं ना, गुण्या," ती भावाला म्हणाली, "तर तुझ्या संगं जन्मभर एका घरात ऱ्हावं लागंल मला. तुलाच जड जाईल." आणि तिचे डोळे भरून आले. गुणवंतालाही वाईट वाटलं. बहिणीवर त्याचा जीव होता. त्याबद्दल कुणाला संशय नव्हता. भीती त्या जिवाचीच होती.

आप्पांनी त्याला समोर बसवलं. "हे बघ. माणूस बिघडला की त्याच्याशी बोलायचं न्हाई. हात जोडायचे न् गप ऱ्हायचं. आपसूक वळणावर येतो."

"बरं आप्पा. आता ध्यानात ठेवतो."

वर्गात गुणवंतानं प्रोग्राम लिहिला. चालवला. कॉम्प्युटर जागीच अडकला. पडद्यावर एक गोल फिरत राहिला, बाकी काही हलेना. गुणवंतानं हात जोडले. बाकीची मुलं लिहून, चुकून, दुरुस्त करून घरी गेली. मॅडम कुलूप लावायला आल्या, तर हा हात जोडून बसलेला.

"काय करतोयस?"

"बिघडलाय. वळणावर यायची वाट बघतोय."

मॅडमचा उत्साह त्या क्षणी संपला असावा, कारण त्या एकेक शब्द तोडून बोलल्या. "अडलं की हात जोडून काही होत नाही. विनवण्या करायच्या नाहीत. सगळं पूर्ण बंद करायचं. अर्धवट नाही, एकही गोष्ट उघडी ठेवायची नाही. जरा थांबायचं. मग पहिल्यापासून चालू करायचं. आणि चालू होईपर्यंत कशालाही हात लावायचा नाही."

गुणवंतानं बंद केला. थांबला. चालू केला. कॉम्प्युटर मुकाट चालायला लागला. गुणवंत त्याच्याकडे बघतच राहिला. कुणी सांगितलेली गोष्ट आपण केली आणि ती बरोबर झाली, असं त्याच्या आयुष्यात पहिल्यांदाच घडत होतं. घात झाला तो इथंच.

लग्नाचा दिवस उजाडला. दारात मांडव, वऱ्हाडाची बस वेळेवर, मुंडावळ्या बांधलेला दिगंबर, हातात हार घेतलेली कांचन. भटजींनी घड्याळ बघून अंतरपाट झटकला. तेवढ्यात भानुदासमामांच्या लक्षात आलं, की आपली खुर्ची व्याह्यांच्या खुर्चीपेक्षा बुटकी आहे.

मामा उठले. उपरणं झटकलं. "आमचा अपमान झाला. वऱ्हाड माघारी न्हेतो."

आता हे वाक्य आमच्याकडे दर लग्नात कुणीतरी म्हणतंच. त्याचा अर्थ एवढाच, की या आणि माझी समजूत काढा. म्हणणाऱ्याला ते ठाऊक असतं, ऐकणाऱ्याला ठाऊक असतं. एकजण पाया पडतो, एकजण उंच खुर्ची आणतो, म्हणणारा जरा ताणून धरतो आणि बसतो. अगदी बसपर्यंत कुणी गेलेलं आम्ही तरी पाहिलेलं नाही.

आप्पा हात जोडून पुढं झाले. गुणवंतानं वडलांचे जोडलेले हात बघितले. लग्न अडलं होतं. आणि अडल्यावर हात जोडून काही होत नाही, हे त्याला चांगलं ठाऊक होतं.

तो गेला आणि बसचं दार उघडून उभा राहिला.

"चला मामा. बसा."

मामांनी इकडं तिकडं बघितलं. "म्हंजे? जाऊ म्हणतोस?"

"पूर्ण जायाचं. अर्ध्यातनं न्हाई."

सगळा मांडव मामांकडे बघत होता. आता खाली बसावं, तर खुर्ची बुटकी. मामांनी उंच खुर्ची येतेय का बघितलं, ती येईना. बोलून बसलेला माणूस करतो काय? ते बसमध्ये चढले. त्यांच्या मागं वऱ्हाड उठलं, कारण वऱ्हाड पुढच्याच्या मागंच जात असतं. गुणवंतानं खुर्च्यांखालनं पोरं शोधून काढली, चुलीजवळ बसलेली नवऱ्याची आजी उचलून आणली. राहिला दिगंबर.

"मला जायचं नाही," दिगंबर म्हणाला. तो कांचनकडे बघत होता.

"तुमी बी चला, दाजी. एक बी उघडं ठेवायचं न्हाई." गुणवंतानं त्याला बखोट धरून आत बसवला आणि दार लावलं. ड्रायव्हरला म्हणाला, "घरापतुर जायाचं. इंजिन बंद करायचं. जरा थांबायचं. मग पयल्यापास्नं यायाचं."

बस गेली. तिच्या मागं आप्पा धावले. नवं धोतर सुटत होतं, ते एका हातानं धरून धावले. भटजी म्हणाले, मुहूर्त टळतोय. आईनं देवघराची वाट धरली. शर्वरी मॅडम पाहुण्यांत होत्या. त्यांच्या मुठीतल्या अक्षता एकेक करून खाली पडत होत्या.

कांचन हार घेऊन बाहेर आली. "गुण्या, माझा नवरा कुठाय?"

"घरी धाडलाय."

घाटाच्या पहिल्या वळणावर बस दिसेनाशी झाली. पोरं पंगतीच्या ताटांकडे सरकली, भटजींनी अंतरपाटाची घडी घालायला घेतली. गुणवंत मांडवाच्या दारात दोन्ही हात पसरून उभा राहिला.

"कुणी कशाला हात लावायचा न्हाई," तो म्हणाला. मग बहिणीजवळ गेला आणि मायेनं तिच्या पाठीवर हात ठेवला. "घाबरू नगंस, कांचे. चालू व्हायला जरा येळ लागतो."