भिंतीवरचं परतीचं घर

फार पूर्वी, नद्यांवर पूल नव्हते आणि प्राण्यांना माणसांशी बोलायला संकोच वाटत नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. एका नदीकाठी एक नावाडी राहायचा. साऱ्या गावाला तो पैलतीरी पोहोचवी, पण त्याची धाकटी लेक पवळा काही त्याच्या होडीत बसत नसे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा.

पवळा गुणी होती, फक्त तिची तऱ्हा निराळी होती. ती क्वचितच बोले. नदीतले गोटे रंगांप्रमाणे ओळीत मांडण्यात तिचा दिवस मजेत जाई. मात्र ढोल वाजला किंवा रोजच्यापेक्षा काही वेगळं घडलं, की ती कान झाकून किंचाळे. गाव म्हणे, "हट्टी आहे पोर." गावाचं काय जातं म्हणायला?

अशात पवळाच्या थोरल्या बहिणीचं लग्न पैलतीरी ठरलं. बहीण म्हणाली, "पवळा येणार नसेल, तर मी बोहल्यावर उभी राहणार नाही." आजवर आईबापाचा शब्द न मोडलेली मुलगी ती. घरात सगळ्यांना घोर लागला.

नावाड्याला एकच उपाय ठाऊक होता. बिथरलेली शेळी होडीत चढवायची, तर तिच्या डोळ्यांवर उपरणं बांधायचं आणि तिला उचलून आत ठेवायचं. लेकीच्या बाबतीतही त्याने तेच केलं. पवळा अशी झटापट करू लागली, की होडी उलटता उलटता राहिली. तेव्हापासून ती घाटाकडे फिरकेना आणि बापाजवळही जाईना. नावाड्याच्या घशाखाली घास उतरेनासा झाला.

पवळाची आई घाटावर भांडी घासत बसली होती. तिथल्या म्हाताऱ्या कासवाने तिला विचारलं, "पोरी, एवढी उदास का?"

तिने सगळं सांगितलं. कासव विचार करू लागलं. त्याचा विचार होईपर्यंत तिची भांडी वाळली.

"बाहेर फार गोंगाट झाला, की मी डोकं आत घेतो," ते म्हणालं. "तेव्हा मी हट्ट करत नसतो. मला जरा वेळ हवा असतो. पाठ ठोकून मला आजवर कुणी बाहेर काढलेलं नाही."

"मग मी काय करू, आजोबा?"

"जे घडणार ते तिला आधी दाखव. कमी बोल आणि उत्तरासाठी थांब. आणि आत शिरायला तिलाही एखादं कवच दे."

आईने गेरू घेतला आणि भिंतीवर चित्रं काढली. घर, वाटेवरची चिंच, घाट, होडी, ताईचं लग्न. रोज सकाळी ती एकेका चित्रावर बोट ठेवी आणि तेच शब्द म्हणे. मग ती पवळाला कवच म्हणून मऊ घोंगडी देई आणि मायलेकी चिंचेपर्यंत जात नि परत येत. पुढे घाटापर्यंत जाऊ लागल्या. पुढे तर पवळा काठाला बांधलेल्या होडीत बसून गोटे मांडू लागली. नावाडी दुरूनच बघे आणि मनात हरखून जाई.

पण दोर सोडायला घेतला, की ती उठून काठावर येई. लग्न तोंडावर आलं. एकदा न राहवून नावाड्याचा हात उपरण्याकडे गेला. आईने नुसतं त्याच्याकडे पाहिलं. त्याने हात मागे घेतला आणि लेकीसमोर खाली बसला.

"पवळा, काय हवं तुला?"

मग तो थांबला. इतका थांबला, की घाटावरची माणसं कुरकुरू लागली. तरी तो हलला नाही.

पवळा उठली आणि घराकडे चालू लागली. आईबाप तिच्या मागे गेले. तिने गेरू उचलला आणि लग्नाच्या चित्रापुढे एक वाकडंतिकडं घर काढलं. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "घर."

आईने कपाळावर हात मारला. ताई लग्न होऊन जाणार ती तिथेच राहणार, हे घरात रोज बोललं जात होतं. आपल्यालाही तिथेच ठेवणार, असं लेकराला वाटलं होतं. जायचं चित्र काढलं, यायचं काढायला सगळेच विसरले.

"येणार गं बाई," नावाडी हसता हसता डोळे पुसत म्हणाला. "लग्न झालं, की आपण घरी येणार."

लग्नाच्या सकाळी पवळा आपण होऊन होडीत बसली. मांडवात सनईचौघडा सुरू झाला, तशी ती घोंगडीत शिरली. कुणीतरी नाक मुरडलं. नवरीने वाजंत्र्यांना लांब आंब्याखाली पाठवलं. जरा वेळाने घोंगडीतून एक हात बाहेर आला, अक्षतांसाठी. लग्न लागल्यावर पवळाने आपला सर्वांत आवडता पांढरा गोटा ताईच्या ओंजळीत ठेवला आणि ती खळखळून हसली. संध्याकाळी होडी घरी परतली, तेव्हा ती बापाला टेकून झोपली होती.

नावाड्याने त्यानंतर शेळ्यांचेही डोळे कधी बांधले नाहीत. आधी तो त्यांना होडी हुंगू देई. शेळ्या आपल्या पायांनी चढू लागल्या आणि त्याची कंबर दुखायची थांबली.

तात्पर्य: मुलाला जिथे न्यायचं, तिथली वाट त्याला आधी दाखवावी, आणि त्याचं म्हणणं कळेपर्यंत थांबावं.