तृणावतीने घेतलेले साळीचे रूप

“निर्लज्जे, खाली उतर त्या बांधावरून! बारा वर्षे झाली, भिकारणीसारखी दारात येतेस!” ताम्रायण मुनी गरजले. त्यांच्या ओंजळीत शापोदक होते.

“दारात मी आले नाही, मुने. माझ्या अंगणात दार तू बसवलंस,” बांधावर पाय रोवून तृणावती म्हणाली. “आणि ज्या आसनावर बसून मला शिव्या घालतोस ना, तो दर्भ माझा सख्खा थोरला भाऊ. त्याची पवित्रके करून बोटांत घालतोस, आणि मी तेवढी तण?”

“तो यज्ञाला लागतो. तू कशाला लागतेस?”

“मला कुणाला लागायची गरज नाही!”

हे वैर एका दिवसाचे नव्हते. कृतयुग उतरणीला लागले होते. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर गजयूथांसारखे मेघ विसावत आणि शोणवतीच्या तीरावरील आश्रमात सामगान सुरू झाले की रानातले मोरही केका आवरून धरत. तेथे ताम्रायणांनी द्वादशवार्षिक सत्राचा संकल्प सोडला. एकच खाचर, एकच साळ, सलग बारा वर्षे. आणि पूर्णाहुतीत परक्या बीजाचा एक दाणा जरी पडला तरी साऱ्या तपाची राख. संकल्प मोठा होता, पण संकल्प करणाऱ्याचा हट्ट त्याहून मोठा.

पहिल्या वर्षी भूमीची ही धाकटी लेक हरळी होऊन आली. मुनींनी तपोबलाने विजेच्या फाळाचा नांगर निर्माण केला आणि अशा त्वेषाने फिरवला की हरळीच्या मुळ्यांचे सहस्र तुकडे झाले. आठ दिवसांत प्रत्येक तुकड्याच्या पेराला अंकुर फुटला. मुनींना वाटले, आपण शेत नांगरले. खरे तर त्यांनी हरळी पेरली होती. मग संतापून त्यांनी शोणवतीच वळवून खाचरात आणली. हरळी कुजली, पण तिच्या जागी पाण्यात पाय सोडून तृणावती लव्हाळा होऊन डोलू लागली.

ऋषिपत्नी अरणी रोज कमरेइतकी वाकून खुरपणी करीत असे. तिने तेव्हाच सांगितले, “अहो, दोन वर्षं इथे पाणी सोडू नका. आधी उडीद पेरा, मग तीळ. तुमचं सगळं तिला पाठ झालंय. काहीतरी बदला.”

“बायकांनी खुरपे धरावे, शास्त्र नव्हे!”

“खुरपं धरणारीलाच मुळं दिसतात,” अरणी म्हणाली आणि पुन्हा चिखलात उतरली. तिचे ऐकले कोणी?

मुनींनी इंद्राला आळवले. वज्रधराने प्रसन्न होऊन एक दिव्य विळा दिला आणि वर दिला, “जे साळीसारखे दिसणार नाही, ते हा कापील.” विळा आपोआप फिरू लागला. लव्हाळा गेला, माका गेला, सगळे गेले. मात्र ज्या एखाद्या गवताचे पान जरासे साळीसारखे होते, ते वाचले. त्याचे बी पडले. पुढल्या वर्षी विळ्याने त्यातलेही वेगळे दिसणारे तेवढे कापले. असे नऊ पावसाळे गेले. देवाच्या विळ्यानेच तृणावतीला पान दिले, खोड दिले, साळीचा पोपटी रंग दिला. वेगळेपण उरले ते एवढेच, की तिचे बहुतेक दाणे साळ कापणीला येण्याआधीच चिखलात गळत, आणि ते कळेपर्यंत तिची पुढल्या वर्षाची पेरणी होऊन गेलेली असे.

आता बारावे वर्ष. साळ निसवून लोंब्यांत दाणा भरत आला होता, पूर्णाहुती पंधरा दिवसांवर होती आणि अर्धे खाचर तिचे होते.

“समूळ जळून जा!” मुनींनी ओंजळ उचलली.

“थांबा!” अरणी धावत आली. “शापाला लक्ष्य लागतं, हे तुम्हीच शिष्यांना शिकवता. नेम चुकला तर समोरचं सगळं जळेल. आपली साळही!”

“लक्ष्य समोर उभे आहे!”

तृणावती हसली. ते हसणे गोड नव्हते. बांधावरून ती खाचरात उतरली, आणि दहा पावलांवर दिसेनाशी झाली. वारा आला, एकूण एक लोंबी सारखीच डोलली. मुनींची दृष्टी या ताटावरून त्या ताटावर धावू लागली. वेद मुखोद्गत असलेला तो महातपस्वी घामाने भिजला.

ओंजळीतले पाणी बोटांच्या फटींतून ठिबकून गेले. त्या खाचरातल्या साळीत तिचा एकही दाणा नाही, याची खात्री आता कोण देणार? सत्र अपुरे राहिले. पुढल्या वर्षी त्या खाचरात अरणीने उडीद पेरला, आणि मुनींनी खुरपे धरले. आजही भात निंदणाऱ्या बाईचा हात एखाद्या हिरव्या ताटाशी येऊन थबकतो, तो शापाच्या त्या दिवसापासून. कारण तेव्हा चहूकडून, प्रत्येक पानातून, तृणावतीचा आवाज आला होता:

“दे ना शाप, मुने, पण आधी बोट दाखव, यातली मी कोणती?”